११ जुलै २००६ : लोकलमधले साखळी स्फोट आणि कोसळलेला खटला

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी ६७१ पानांचं निकालपत्र देऊन लोकल स्फोट खटल्यातल्या बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. विशेष न्यायालयाने त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. फाशी झालेल्यांपैकी एक जण हा निकाल ऐकायला उरलाच नव्हता. २०२१ साली नागपूरच्या तुरुंगात असताना कोविडने त्याचा मृत्यू झाला होता. मुंबईच्या लोकलवरच्या सर्वांत मोठ्या हल्ल्याचा खटला एकोणीस वर्षं चालला आणि त्या दिवशी त्यात दोषी म्हणून एकही माणूस शिल्लक राहिला नाही.

निकालानंतर दोन दिवस वाहिन्यांवर गदारोळ झाला. एका बाजूने न्यायालयालाच धारेवर धरलं, दुसऱ्या बाजूने पोलिसांना. मला मात्र हे प्रकरण पहिल्या दिवसापासून नीट लावून पाहणं गरजेचं वाटतं. हा खटला २०२५ मध्ये उच्च न्यायालयात कोसळला असं दिसत असलं, तरी त्याचा पाया २००६ सालच्या पहिल्या शंभर-सव्वाशे दिवसांतच कच्चा राहिला होता.

ती अकरा मिनिटं

तो मंगळवार होता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला चर्चगेटहून उपनगरांकडे जाणाऱ्या गाड्या खचाखच भरलेल्या असतात. पश्चिम रेल्वेच्या अशा सात गाड्यांमध्ये अकरा मिनिटांच्या आत सात स्फोट झाले. ठिकाणं होती माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोडचा परिसर. सगळे बॉम्ब पुरुषांच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत ठेवलेले होते. डब्यांचे पत्रे फाटून बाहेर आले, छतं उचकटली. १८० हून अधिक प्रवासी मारले गेले, ८०० हून अधिक जखमी झाले. एक जखमी तरुण नऊ वर्षं बेशुद्धावस्थेत राहून २०१५ साली गेला. अशा मृत्यूंमुळे बळींची संख्या स्फोटानंतरही बदलत राहिली.

लोकलचा फर्स्ट क्लास म्हणजे श्रीमंतांचा डबा, हा मुंबईबाहेरचा समज आहे. त्या डब्यात बँकेतले अधिकारी, विमा कंपनीतले कर्मचारी, हिरेबाजारातले दलाल, छोटे व्यापारी आणि नुकतीच बढती मिळाल्यावर महिन्याचा पास काढलेले तरुण असतात. उभं राहायला चार बोटं जास्त जागा मिळावी म्हणून ते जास्तीचे पैसे मोजतात. रोज तीच गाडी, तोच डबा, तोच गट. कोण कुठल्या स्टेशनला उतरतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण आडनाव आणि घरचा पत्ता माहीत असतोच असं नाही. त्या रात्री ओळख पटवताना ही अडचण फार जाणवली असणार. शेजारी रोज उभा राहणारा माणूस कुठे गेला हे सांगणारे होते, त्याच्या घरी कळवायचं कसं ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

मोबाइलचं जाळं कोलमडलं. रुळांच्या कडेच्या वस्त्यांतले लोक चादरी घेऊन धावले, चादरींचीच झोळी केली आणि जखमींना रिक्षा, टॅक्सी, टेम्पो मिळेल त्यात घालून रुग्णालयांत पोचवलं. सायन, केईएम, वांद्र्याचं भाभा, कूपर, बोरिवलीचं भगवती अशा पालिकेच्या रुग्णालयांवर त्या रात्रीचा भार पडला. या वस्त्यांना एरवी अतिक्रमण म्हणून ओळखलं जातं. पहिल्या तासाभरात प्रशिक्षित यंत्रणेच्या आधी तिथलेच लोक डब्यांत शिरले होते, याची नोंद या प्रकरणाच्या कुठल्याही अभ्यासात पहिल्या पानावर असायला हवी.

रेल्वेने मध्यरात्रीपर्यंत मार्ग बराचसा मोकळा केला आणि दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा भरून धावू लागल्या. मुंबई थांबत नाही, असं कौतुक देशभर झालं. वर्षभरापूर्वीच्या २६ जुलैच्या महापुरानंतरही असंच कौतुक झालं होतं. कामावर गेलेल्यांचं धैर्य मी नाकारत नाही. पण त्यातल्या अनेकांना खाडा परवडणारा नव्हता आणि विरारहून चर्चगेटला पोचायला दुसरा रस्ताही नव्हता. या कौतुकाचा एक दुष्परिणाम झाला, तो मला गंभीर वाटतो. शहर सावरलं असं एकदा जाहीर झालं की प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बारीक होतो. गुप्तवार्ता यंत्रणा कुठे कमी पडली, रोज लाखो लोक जिथून आत शिरतात त्या स्थानकांवर कोणाचं लक्ष होतं, याची जाहीर आणि सविस्तर झडती झाली नाही. स्थानकांवर धातुशोधक चौकटी आल्या. आज त्यांच्या बाजूने वाट काढून लोक जातात आणि बेवारस वस्तूंना हात लावू नका ही घोषणा कानावरून जाते.

नुकसानभरपाईचंही थोडक्यात सांगायला हवं. केंद्र आणि राज्य सरकारने मदत जाहीर केली. याशिवाय रेल्वे कायद्यानुसार गाडीतला दहशतवादी हल्ला हा ‘अनुचित घटना’ या सदरात मोडतो, त्यामुळे रेल्वेची चूक सिद्ध न करताही दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. त्या काळी मृत्यूसाठी ही रक्कम ४ लाख रुपये होती, २०१७ पासून ती ८ लाख झाली. मात्र मृत व्यक्ती प्रवासी होती हे दाखवावं लागतं. ज्याच्या खिशातला पास डब्याबरोबरच जळाला, त्याच्या घरच्यांसाठी या अटीचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

तपास : उत्तर आधी, पुरावा नंतर

तपास दहशतवादविरोधी पथकाकडे, म्हणजे एटीएसकडे गेला. के. पी. रघुवंशी तेव्हा पथकाचे प्रमुख होते, ए. एन. रॉय मुंबईचे पोलीस आयुक्त, विलासराव देशमुख मुख्यमंत्री आणि आर. आर. पाटील गृहमंत्री. दबाव प्रचंड होता आणि तो समजण्यासारखा होता. हल्लेखोर जागीच सापडावा असा हा हल्ला नव्हता. बॉम्ब ठेवणारे मधल्या स्थानकांवर गर्दीत उतरून गेले असणार. आजच्यासारखं कॅमेऱ्यांचं जाळं नव्हतं. २६/११ च्या खटल्यात कसाब जिवंत हाती लागला, कारण तुकाराम ओंबळे यांनी स्वतःच्या अंगावर गोळ्या झेलून त्याला धरून ठेवलं. तिथे तपास एका जिवंत माणसापासून सुरू झाला. ११ जुलैच्या तपासाला सुरुवातीला हाताशी होते ते फक्त फाटलेले डबे.

अडीच महिन्यांनी, ३० सप्टेंबर २००६ रोजी, पोलीस आयुक्तांनी पत्रकार परिषद घेऊन प्रकरणाचा छडा लागल्याचं जाहीर केलं. पाकिस्तानच्या आयएसआयने कट आखला, लष्कर-ए-तय्यबाने माणसं पुरवली आणि सिमी या बंदी घातलेल्या विद्यार्थी संघटनेच्या इथल्या कार्यकर्त्यांनी साथ दिली, असं ते उत्तर होतं. त्याच महिन्यात हवाना इथे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांच्यात दहशतवादविरोधी संयुक्त यंत्रणा उभारण्याचं ठरलं होतं, त्यामुळे या घोषणेचे पडसाद मुंबईबाहेरही उमटले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गोवंडीतल्या एका खोलीत प्रेशर कुकरमध्ये आरडीएक्स आणि अमोनियम नायट्रेट भरून बॉम्ब तयार झाले, पिशव्यांतून टॅक्सीने चर्चगेटला नेले गेले आणि गाड्यांत ठेवले गेले. तेरा जणांना अटक झाली. त्यांच्यावर महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मोक्का, लावण्यात आला आणि नोव्हेंबरअखेर आरोपपत्र दाखल झालं.

इथे तारखांकडे लक्ष द्यावं. छडा लागल्याची घोषणा सप्टेंबरअखेरची आहे. खटल्याचा कणा ठरलेले कबुलीजबाब आणि कळीच्या साक्षी त्यानंतरच्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या. जाहीर झालेल्या उत्तराला नंतर पुरावे जोडत नेले गेले, असा संशय या क्रमामुळे येतो. मला तो रास्त वाटतो.

मोक्काचं महत्त्व इथेच आहे. एरवी पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. ब्रिटिश काळापासून कायद्याने ती दारं बंद ठेवली आहेत, कारण कोठडीत कबुली कशी मिळवली जाते हे तेव्हाच्या कायदेकर्त्यांनाही ठाऊक होतं. १९९९ च्या मोक्काच्या कलम १८ ने ते दार किलकिलं केलं : अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे, काही काटेकोर अटी पाळून दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरू शकतो. हा कायदा अंडरवर्ल्डच्या टोळ्यांसाठी आला होता. मोक्का लागला की तपास अधिकाऱ्याला एक सोपी वाट दिसू लागते. मग कष्टाची वाट कोण धरणार? स्फोटकं कुठून आली, कोणी विकली, कोणत्या फोनवरून कोण बोललं, हे वस्तूंच्या आधाराने जुळवायला महिनोन्‌महिने लागतात. सही केलेला कबुलीजबाब एका बैठकीत तयार होतो.

अकरा आरोपींचे कबुलीजबाब वेगवेगळ्या उपायुक्तांनी नोंदवले. पुढे आरोपींनी ते नाकारले आणि छळ करून सह्या घेतल्याचा आरोप केला. उच्च न्यायालयाने ते शेजारी शेजारी ठेवून वाचले तेव्हा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडचे म्हटलेले मजकूर जागोजागी एकसारखे निघाले. वैद्यकीय नोंदींवरूनही छळाची शक्यता दिसत असल्याचं न्यायालयाने म्हटलं. कबुलीजबाब बाद झाले.

साक्षीदारांचा भाग मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. आरोपींना चर्चगेटला सोडल्याचं सांगणारे टॅक्सीचालक, गाडीत त्यांना पिशवीसह पाहिल्याचं सांगणारे प्रवासी, बॉम्ब तयार होताना पाहिल्याचं सांगणारा माणूस, अशा साक्षी होत्या. ११ जुलैच्या संध्याकाळी चर्चगेटला सोडलेलं गिऱ्हाईक, आणि रात्री त्याच मार्गावर एवढा संहार झाल्याची बातमी. कोणताही टॅक्सीचालक दुसऱ्या दिवशी स्टँडवर हे बोलेल, निदान पोलिसांनी लोकांना आवाहन केल्यावर तरी पुढे येईल. हे साक्षीदार शंभरहून अधिक दिवस गप्प होते. एवढ्या काळानंतर एका ओझरत्या प्रवाशाचा चेहरा लक्षात राहण्यासारखं काय घडलं होतं, हे न्यायालयाला पटण्यासारखं कोणी सांगू शकलं नाही. एक साक्षीदार तर पोलिसांच्या इतर प्रकरणांतही साक्षीला उभा राहिलेला निघाला. ओळखपरेड ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच उरलेला नव्हता, असंही न्यायालयाने नोंदवलं. नेमणुकीची मुदत तपासून पाहणं हे एका कारकुनाचं पाच मिनिटांचं काम होतं. त्याअभावी चार वर्षांनी दिलेल्या न्यायालयातल्या ओळखीलाही आधार राहिला नाही.

जप्त मुद्देमालाचीही तीच गत. स्फोटकं, कुकर, सर्किट बोर्ड, नकाशे असं बरंच काही जप्त दाखवलं होतं. पण गाड्यांत फुटलेले बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेच सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. शिवाय जप्त वस्तू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नीट सीलबंद आणि सुरक्षित ठेवल्याचंही दाखवता आलं नाही. मग त्या वस्तूंचा स्फोटांशी संबंध जोडणार कसा?

दुसरं उत्तर

२००८ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेशी संबंधित काही जणांना पकडलं आणि त्यातल्या एकाने लोकलमधले स्फोट आपल्या गटाने केल्याचं सांगितल्याचं पुढे आलं. म्हणजे एकाच राज्याच्या पोलीस यंत्रणेत एकाच गुन्ह्याची दोन वेगळी उत्तरं तयार झाली. एटीएसने त्याला ताब्यात घेऊन चौकशी केली आणि पुढे या प्रकरणातून तो सुटला. खटल्यात बचाव पक्षाने त्याला साक्षीला बोलावलं, तेव्हा त्याने ती कबुली फिरवली. ती कबुलीही कोठडीतलीच होती, त्यामुळे तिच्यावर तेवढ्यावरून विश्वास ठेवावा असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या उत्तराची फेरतपासणी करायला हे कारण पुरेसं होतं. ती झाली नाही. तेव्हा आरोपी अटकेत होते, मोक्काच्या वैधतेला दिलेल्या आव्हानामुळे सर्वोच्च न्यायालयाने २००८ पासून खटल्याला स्थगिती दिली होती आणि २०१० पर्यंत सगळं थांबलेलंच होतं. थांबलेल्या त्या दोन वर्षांत मागे वळून पाहायला सवड होती.

११ सप्टेंबर २०१५ रोजी विशेष न्यायाधीश यतीन शिंदे यांनी बारा जणांना दोषी ठरवलं. एक जण नऊ वर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटला. सरकार पक्षाने १९० हून अधिक साक्षीदार तपासले होते. या संख्येचं तेव्हा फार अप्रूप झालं, पण संख्येने पुरावा वजनदार होत नसतो. ३० सप्टेंबरला शिक्षा सुनावली गेली. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही, म्हणून प्रकरण लगेच वर गेलं, आणि तिथे वर्षानुवर्षं पडून राहिलं. विशेष खंडपीठ नेमून रोजच्या रोज सुनावणी सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडावा लागला. फाशीच्या कोठडीत बसलेल्या माणसासाठी आणि डब्यात मुलगा गमावलेल्या आईसाठीही हा उशीर सारखाच अन्यायाचा आहे. याचा दोष एटीएसवर टाकता येणार नाही, तो न्यायव्यवस्थेचाच आहे.

मालेगावशी जोडलेला धागा

हे प्रकरण एकटं पाहिलं तर तपासातली एखादी दुर्दैवी चूक वाटेल. म्हणून त्याच्या दोन महिन्यांनंतरचं मालेगाव पाहावं. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, तिथल्या बडा कब्रस्तान परिसरात स्फोट होऊन तीसहून अधिक माणसं मेली. एटीएसने नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं, मोक्का लावला, कबुलीजबाब घेतले. २०११ मध्ये हा तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला आणि २०१३ साली तिने अगदी वेगळ्या लोकांवर आरोपपत्र ठेवलं. आधीच्या नऊपैकी हयात असलेले सगळे २०१६ साली आरोपमुक्त झाले. तेच वर्ष, तेच पथक, तोच कायदा, तीच कबुलीजबाबांची पद्धत. आणि लोकल स्फोटांचा निकाल लागल्यावर दहाच दिवसांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, मालेगावच्याच २००८ सालच्या स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी सोडले. तिथले आरोपी हिंदू होते. धर्म वेगळा, परिणाम एकच : मेलेल्यांची यादी आहे, मारणारा कायद्याच्या नजरेत कोणीच नाही. ज्याला एका निकालाचा आनंद आणि दुसऱ्याचा संताप होतो, त्याने या दोन्ही ठिकाणच्या बळींच्या घरी जाऊन बोलून पाहावं.

उच्च न्यायालयाने निकालाच्या सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट मांडली आहे. खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा होणं अत्यावश्यक आहे, पण प्रकरण सुटल्याचा खोटा देखावा उभा केला की लोकांना फसवं समाधान मिळतं आणि खरा धोका मोकळाच फिरत राहतो. मला या संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं म्हणणं हेच वाटतं. निर्दोष माणसाला पकडण्याचं नुकसान फक्त त्या माणसाचं होत नाही. ज्याने बॉम्ब ठेवला त्याला त्याच दिवशी सूट मिळते.

राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती एम. एम. सुंदरेश आणि न्यायमूर्ती एन. कोटीश्वर सिंग यांच्या खंडपीठाने सांगितलं की उच्च न्यायालयाचा हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवण्याची मागणी सरकारने केली नाही आणि न्यायालयानेही तसं केलं नाही. मोक्काखालचे इतर खटले डळमळतील ही सरकारची मुख्य चिंता होती. ती समजते. एकाच पुराव्यावर विशेष न्यायालयाने फाशी दिली आणि उच्च न्यायालयाने मुक्तता, तेव्हा वरच्या न्यायालयाने तो पुन्हा तपासणंही योग्यच आहे.

पण अपिलात तपासलं जाणार ते २००६ साली गोळा केलेलंच. त्यातून फार तर हे बारा जण दोषी की निर्दोष एवढं ठरेल. मालेगावमध्ये दुसऱ्या यंत्रणेकडून फेरतपास झाला होता, म्हणजे असा फेरतपास करता येतो हे सरकारला माहीत आहे. तेव्हा अपील कायम ठेवूनही राज्य सरकारने तीन गोष्टी कराव्यात. ओळखपरेडपासून सीलपर्यंत ज्या ज्या त्रुटी उच्च न्यायालयाने दाखवल्या, त्या कोणाच्या हाताखाली घडल्या याची विभागीय चौकशी करून अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा. २००८ मध्ये पुढे आलेल्या दुसऱ्या धाग्याचं पुढे काय केलं, ते लेखी सांगावं. आणि स्फोटांत गेलेल्यांच्या कुटुंबांना दरवर्षी ११ जुलैला फुलं वाहायला बोलावलं जातं, त्याच कुटुंबांना प्रकरण आज कुठे आहे याची माहिती मराठीत, सरकारी शिक्क्यानिशी, घरपोच पाठवावी. निकालाची बातमी त्यांना दूरचित्रवाणीवरून कळण्याची वेळ पुन्हा येऊ नये.